कुसुम सिस्टरची पेटी

कुसुम सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की बाळाचा चेहरा नंतर पाहत, आधी तळपाय धरत. "पाय गार तं बाळ गार," असं म्हणून आईकडे अशा काही बघत की ती बिचारी उठून मोजे शोधायला लागे. बाळ गोरं आहे की सावळं, नाक कुणावर गेलं, असल्या चौकशीत त्यांना काडीचा रस नसे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सत्तावीस वर्षं बाळंतपणं करून त्या निवृत्त झाल्या, तरी हात काही निवृत्त झाला नाही. नेरच्या बाजारात भाजी घेताना समोर कडेवरचं पोर दिसलं की तो पिशवी सोडून त्याच्या पायाकडे जाई. पोरं भोकाड पसरत. आया हसत, कारण त्यातल्या निम्म्या स्वतःच सिस्टरांच्या हातावर जन्मलेल्या.

त्या आमच्या शेजारी राहायच्या. मध्ये कमरेएवढी भिंत. लग्न केलं नव्हतं, कुणी का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "ड्युटी नाईटची होती, मुहूर्त दिवसाचे निघत." आमच्या गल्लीत बौद्ध घर त्यांचं एकट्यांचंच. दारावर पंचशीलाचा झेंडा आणि ओसरीत बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्या शेजारी तुळस नाही तर कोरफड. मी बाजार समितीत कारकून. माझ्याबद्दल सध्या एवढं पुरे. पुढे मी नको तितका येणारच आहे.

सिस्टर बुटक्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, कारण नाडी मोजायला सेकंदकाटा ठसठशीत लागतो. त्याच घड्याळावर त्या चहा उकळत. पर्समध्ये दोन पेनं, एक निळं, एक लाल. आणि रिकाम्या रकान्याचा त्यांना मनस्वी राग. नवा तरुण डॉक्टर एकदा केसपेपरवर रकाना सोडून घरी निघाला, तर यांनी त्याला फाटकातून परत आणलं. "साहेब, माहीत नसंल तं 'माहीत नाई' लिवा. पन रकाना रिकामा ठेवू नका. मागून येनाऱ्यानं काय समजाचं?" डॉक्टरनं मुकाट्यानं लिहिलं. निवृत्तीनंतर पेशंट उरले नाहीत म्हणून त्यांनी दुधाची वही सुरू केली. तारीख, किती दूध, आलं नसेल तर कारण. मी ती वही पाहिलेली आहे. त्यात एके ठिकाणी 'कारण: म्हैस रुसली' असं निळ्या पेनानं लिहिलं होतं, कारण दूधवाल्यानं तसंच सांगितलं होतं.

आमची प्राची झाली तेव्हा सातवा सरून आठवा लागला होता. पोर माझ्या पंजात मावत होती. अशा बाळांना ठेवायची यंत्रं तेव्हा जिल्ह्याच्या गावीच असत, आणि तिथवर नेण्यात पोर हाती लागेल की नाही याची कुणी खात्री देईना. सिस्टरांनी लाकडी पाळण्याला वरून दोन पिवळे बल्ब टांगले, कडेनं चादर लावली. पण त्यांचा बल्बावर फार भरवसा नव्हता. बायकोला ताप चढलेला, ती पोरीला जवळ घेऊ शकत नव्हती. सिस्टर माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, सदऱ्याच्या गुंड्या काढा."

"मी?"

"मंग काय लाइनमनले बोलावू? बसा. लाजू नका. बापाच्या आंगातबी ऊब असते, सरकारनं बंद नाई केली."

नऊ दिवस मी दवाखान्याच्या बाकावर उघड्या छातीवर पोर बांधून बसलो. येणारे-जाणारे बघून हसत. सिस्टर दर तासाला येत, पोरीचे तळपाय धरत, घड्याळ बघून कागदावर लिहीत. दहाव्या दिवशी त्यांनी पाय धरले आणि काहीच लिहिलं नाही, आधी माझ्याकडे बघून हसल्या. मग लिहिलं. "आता नुस्तं बाळ नाई, प्राची म्हना," असं त्याच म्हणाल्या. नाव त्यांनीच ठेवलेलं आहे.

नोकरीत असताना दवाखान्यामागे त्यांचं क्वार्टर होतं, आणि मोरीच्या पाण्यावर तिथे शेवग्याच्या झाडावर चढलेली एक पानवेल होती. कुणी लावली, त्यांनाही ठाऊक नव्हतं. पान कोवळं, पोपटी, तिखट. सिस्टर बाळाच्या अंगाला काही फासू द्यायच्या नाहीत, घुटी पाजणाऱ्या आज्यांना तर वॉर्डाबाहेर काढायच्या. पण पोराची छाती भरली की स्वतःच जाऊन त्या वेलीचं पान तोडून आणत, एरंडेल लावून तव्यावर कोमट करत, गालाला लावून बघत आणि छातीवर ठेवत. वर म्हणत, "हे बुकात नाई. पन बुक लिवनाऱ्याच्या घरी सर्दीचं लेकरू नसंल." प्राचीच्या छातीवरही ते पान पडलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी क्वार्टर पाडून तिथे नवी इमारत उभी राहायची ठरली. डिसेंबरात जेसीबी येणार असं कळल्यावर सिस्टर आदल्या दिवशी गेल्या आणि वेलीचे शेंडे ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. डोळे असलेले अकरा तुकडे निघाले. सगळ्यांनी सांगितलं की पानवेल पावसाळ्यात लावायची असते, या थंडीत लागत नाही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं.

"थंडीत लेकरं जगत नाईत काय?" सिस्टर म्हणाल्या. "ऊब देनारं कोनी पाह्यजे."

आणि त्यांनी पेटी करायला घेतली. औषधाच्या दुकानातून लस आणायची थर्माकोलची मोठी पेटी मागून आणली. गार ठेवायची पेटी गरम ठेवायला वापरायची याची त्यांना फार गंमत वाटत होती. तळाशी पत्र्याचा चपटा डबा, डब्यात दोन बल्ब, डब्यावर रेतीचा थर, रेतीवर भोकं पाडलेला ट्रे, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा. वरून जुन्या फोटोफ्रेमची काच. अंडी उबवायच्या यंत्राला लावतात तो गरमी मोजून बल्ब चालू-बंद करणारा खटका मोटार वाइंडिंगवाल्या रहीमभाईंनी बसवून दिला. ऊब खालून पाहिजे, हे सिस्टरांचं म्हणणं. "पाय गरम राह्यले का बाकीचं आंग आपोआप धरते. मुळी म्हन्जे झाडाचे पायच नं."

अडचण बल्बांची आली. पिवळे बल्ब आता मिळतात कुठे! मी त्यांच्यासोबत दुकानं हिंडलो. एक दुकानदार पोटतिडकीनं पांढरा एलईडी विकायला बघत होता. "सिस्टर, हा घ्या. उजेड दुप्पट, अन् जरासाबी गरम नाई होत."

"अरे बाबू, मले उजेड नाई पाह्यजे. ज्याची तू निंदा करून राह्यला तोच दे."

शेवटी एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलेले अर्धा डझन सापडले. पहिल्या खेपेला डबा थर्माकोलला टेकला आणि पेटीची एक बाजू वितळून आत आली. घरभर वास. सिस्टरांनी डब्याखाली विटेचे तुकडे दिले, वितळलेली बाजू चिकटपट्टीनं बांधली आणि आधी मेथीचे दाणे पेरून पाहिले. "मेथीले भरती केलं," म्हणाल्या. मेथी तिसऱ्या दिवशी वर आली. मग वेलीचे अकरा तुकडे लावले. पेटीवर दवाखान्यातल्यासारखा कागद टांगला. पेशंट: अकरा. वेळ, तापमान, पाणी, आणि शेवटचा रकाना 'कारण', गरमी कमी-जास्त झाली तर लिहायचा. गल्लीतली माणसं पेटीला सिस्टरांचा आयसीयू म्हणू लागली.

त्या हिवाळ्यात गल्लीतली लाइट वेळी-अवेळी जात होती. आमच्याकडे इन्व्हर्टर. सिस्टर भिंतीपाशी आल्या. त्यांना कुणाकडे काही मागायची सवय नव्हती, त्यामुळे बराच वेळ त्या आमच्या कढीपत्त्याचं कौतुकच करत राहिल्या.

"भाऊ, एक वायर घेऊ काय तुमच्या इन्व्हर्टरवरून? दोनच बल्ब हायेत."

"अजी, विचारता काय? तुमच्या बल्बाखाली आमची पोर वाचली."

हे मी म्हणालो. शब्द माझेच. रहीमभाईंनी भिंतीवर दोन खिळे मारून वायर नेली, आणि सिस्टरांकडची लाइट गेली की पेटी आपोआप आमच्या वायरीवर यावी अशी सोय करून दिली. त्या वायरीचा प्लग आमच्या पुढच्या खोलीत, इन्व्हर्टरच्या बोर्डात. बाराव्या दिवशी सिस्टरांनी मला हाक मारली, चमच्यानं भुसा किंचित बाजूला केला आणि भिंग हातात दिलं. दोऱ्यासारखी पांढरी मुळी फुटली होती. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या रागावल्यासारखं बोलत होत्या. "प्राचीचं लगन होईल, पोर पह्यल्या बाळंतपनाले माहेरी येईल, तवरिक वेल माह्या छतावर जाते. तिच्या लेकराले बाजारचं पान नाई लागू देनार मी."

जानेवारीत वर्ध्याला त्यांच्या मोठ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. चार दिवस जाणं भाग होतं. जाताना त्यांनी कागद मला समजावून सांगितला, घराची किल्ली आणि लाल पेन दिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आता ड्युटी तुमची." मी हो म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी प्राचीला बघायला ढाणकीहून पाहुणे आले. मुलगा चांगला, नोकरीचा, माणसं तोलामोलाची. पोहे झाले, चहा झाला, पोर त्यांना पसंत पडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलाचे काका हात धुवायला बाहेर गेले आणि आत येताना भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही वायर तुमच्याकडून त्या घरी जाती का? झेंडा दिसतोय त्यांचा. येणं-जाणं आहे वाटतं बरंच."

एवढंच. आवाज चढवला नाही, वाईट बोलले नाहीत. वायर काढा असं तर कुणीच म्हटलं नाही. मी म्हणालो, "छे हो. जुनी वायर हाय, अशीच पडली." आणि ते खरं वाटावं म्हणून सगळ्यांच्या देखत उठलो आणि प्लग काढून खाली टाकला. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिनं पाहिलं आणि पदर सारखा करून आत गेली.

पाहुणे म्हणाले, आमच्याबरोबरच चला, घर बघून घ्या. आम्ही निघालो. प्राचीला वाटेत यवतमाळला मावशीकडे सोडायचं ठरलं. विसरलो असं सांगायला मला आवडलं असतं. पण कुलूप लावताना प्लग मला जमिनीवर पडलेला दिसला. काका चपला घालत माझ्या शेजारीच उभे होते. वाकून तो लावायचा तर मघाशी जुनी वायर म्हणालो त्याचं काय करायचं? लाइट तर आहे, आपण दोन दिवसांत येतोच, असं मनाशी म्हणून मी कुलूप लावलं. त्याच संध्याकाळी गल्लीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. थंडीची लाट आलेली. लाइट आली ती तिसऱ्या दिवशी. घर बंद होतं, पंखा नाही, टीव्ही नाही. त्या दोन बल्बांना इन्व्हर्टर कितीतरी वेळ पुरला असता.

परत आल्यावर मी कपडेही न बदलता प्लग लावला आणि भिंतीवरून पलीकडे गेलो. काचेच्या आतून पाणी ओघळत होतं. देठ काळे पडले होते. एकाला हात लावला तर तो बोटाला चिकटून आला, खाली मुळीचा नुसता चिखल. कागदावर मी तीन दिवस काहीच लिहिलेलं नव्हतं. आताही लिहिलं नाही.

सिस्टर आल्या तेव्हा मी फाटकातच सांगून टाकलं. "सिस्टर, डीपी जळाली. इन्व्हर्टरबी बसला."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. पेटी उघडून अकराही देठ एकेक करून पाहिले, अगदी दाबून, नाडी बघावी तसे. मग हात धुऊन माझ्याकडे आल्या आणि उलट माझीच समजूत घालू लागल्या. "जाऊ द्या भाऊ. तुमचा काय दोष? मशीनले कोन काय करन." चार दिवस त्या गल्लीत सगळ्यांना सांगत होत्या की बिचाऱ्या भाऊंचा इन्व्हर्टर बसला, ऐन पोरीच्या लग्नाच्या वेळी. आणि पाचव्या दिवशी, माझ्यावर उपकार म्हणून, त्या रहीमभाईंना घेऊन आमच्या घरी आल्या. सोयरीक पक्की झाली होती; साक्षगंधाला पाहुणे येतील, तेव्हा घरात अंधार नको.

मी नको नको म्हणत होतो. रहीमभाईंनी मीटर लावला, पाणी तपासलं, मेन बंद करून सगळ्या घरचे दिवे इन्व्हर्टरवर लावले, बराच वेळ थांबले. मग कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "भाऊ, बॅटरी तो एकदम ओके है. इसको कुछ नहीं हुआ. हे बसलंच नाई कधी."

खोलीत आम्ही तिघे. सिस्टरांनी आधी इन्व्हर्टरकडे पाहिलं, मग बोर्डातल्या प्लगकडे, मग माझ्याकडे. पाहुणे कुठल्या दिवशी आले होते हे त्यांना गल्लीनं सांगितलेलंच होतं. हिशेब मांडायला त्यांना मनगटावरच्या घड्याळात बघावं लागलं नाही.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "बॅटरी बदलाची गरज नाई."

मग त्यांनी स्वतः प्लग काढला. बाहेर जाऊन खिळ्यांवरून वायर सोडवली, कोपर आणि पंजाभोवती गुंडाळून तिची नीट वेटोळी केली, सलाइनची नळी गुंडाळतात तशी. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाल्या, "राहू द्या. मले सवय हाय." माझ्या आयुष्यात मला पुष्कळ लोक पुष्कळ बोलले आहेत, त्यातलं काही मला झोंबलेलं नाही. सिस्टर काही बोलल्या असत्या तर मी आज बरा असतो.

साक्षगंधाला बायकोनं त्यांना जाऊन बोलावलं. माझी छाती झाली नाही. त्या आल्या, इस्त्रीची पांढरी साडी नेसून. प्राची नटून बसलेली उठली आणि त्यांच्या पायाशी वाकली. तिला उठवून सिस्टर स्वतः खाली वाकल्या, सगळ्यांसमोर तिचे तळपाय चाचपले आणि म्हणाल्या, "गार हाय. फरशीवर उभी नको राहू." ढाणकीचे काका माझ्या शेजारी होते. त्यांनी विचारलं, "या कोण?" माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. दोन बल्ब, नऊ दिवस, नाव कुणी ठेवलं ते. मी म्हणालो, "शेजारी राह्यतात." सिस्टर दोन हातांवर होत्या. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्या जेवायला थांबल्या नाहीत.

त्यानंतर त्या माझ्याशी वाईट वागल्या असं नाही. भिंतीवरून नमस्कार होई, दूधवाला आला का विचारत. पण कढीपत्त्याचं कौतुक पुन्हा केलं नाही. पेटीचा बल्बही पुन्हा लागला नाही. गेला हिवाळा सरता सरता बहिणीची नजर पार गेली आणि तिच्या सोबतीला म्हणून त्यांनी कायमचं वर्ध्याला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी ऑटो दारात उभा होता. सामानाचे चार डाग चढवून झाले आणि सिस्टर दोन्ही हातांत थर्माकोलची पेटी घेऊन आमच्या फाटकाशी आल्या.

"प्राचीले दिवस गेले म्हन्ते वहिनी. हे ठेवा. थंडीतलं बाळंतपन हाय. पेटीत लेकरू ठेवाचं नाई बरं, येडेपना नका करू. लेकराले आंगाची ऊब. पन दुपटे-टोपडे गरम करून घ्याले कामी पडते. दोन बल्ब जास्तीचे हायेत आत."

मी पेटी घेतली. "सिस्टर," म्हणालो. त्या थोडा वेळ थांबल्या. खरंच थांबल्या, पर्सची चेन उघडली, पेनं बघितली, चेन लावली. घड्याळ पाहिलं. मग ऑटोत बसल्या. ऑटो वळला तेव्हा त्या मागे बघत नव्हत्या, मांडीवरच्या बुद्धाच्या मूर्तीला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, समोर बघत ताठ बसल्या होत्या. मी पाहिलेल्या कुसुम सिस्टर त्या शेवटच्या.

परवा प्राची माहेरी आली. आठवा महिना. तिनंच हौसेनं पेटी उघडली. जुन्या गॉझमध्ये गुंडाळलेले दोन पिवळे बल्ब निघाले, आणि खाली चार घड्या घातलेला तो कागद. सिस्टरांच्या निळ्या अक्षरातल्या ओळी, मग माझ्या तीन दिवसांची पांढरी जागा, आणि त्याखाली लाल पेनानं: 'पेशंट अकरा. मयत अकरा.' त्यापुढचा शेवटचा रकाना रिकामा होता.

प्राचीनं कागद उलटून पाहिला. "बाबा, कारन काहून नाई लिवलं? सिस्टर तं रकाना सोडतच नोव्हत्या."

बायको सुपातले तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मी खिशातून पेन काढलं, कागद भिंतीला टेकवला आणि त्या रकान्यात लिहिलं, 'प्लग मी काढला.' अक्षर वेडंवाकडं आलं.

प्राचीनं ते वाचलं. "काहून?" तिनं विचारलं.

यापुढे कागदावर रकाना नव्हता. ती फरशीवर अनवाणी उभी होती. मी चटई ओढून तिच्या पायाखाली सरकवली आणि म्हणालो, "बस. तू झाली तवा तुह्ये पाय लय गार होते, पोरी."